आडवी डहाळी

परवाच्या शनिवारी देवराईच्या वाटेवर मला पहिल्यांदाच हवी तशी शांतता मिळाली. पायाखाली वाळका पाला, लांब कुठेतरी तांबट पक्ष्याची टुकटुक, बाकी काही नाही. या शांततेसाठीच मी गेली दोन वर्षं महिन्यातून एकदा पाठीला पिशवी लावून मुळशीच्या रानात येते आहे, आणि दोन वर्षं एका माणसाने ती मला मिळू दिली नव्हती. तो माणूस जानेवारीत गेला. पौडच्या कबरस्तानात त्यांना दफन केल्याचं त्यांच्या मुलाने मला चार दिवसांनी फोनवर कळवलं. परवा त्या वाटेने अर्धा तास चालले आणि एका उंबराखाली बसून चक्क रडले. इतकी शांतता मला नको होती.

मी विमा कंपनीत दावे तपासते. दिवसभर माणसं माझ्यासमोर बसून आपापल्या घरातल्या मरणाबद्दल बोलतात आणि मी कागद बघते. म्हणून महिन्यातला एक शनिवार मी न बोलण्यासाठी राखून ठेवला आहे. स्वारगेटहून सकाळची एसटी, फाट्यावर उतरायचं, वाडीतून चढून रानात शिरायचं, देवराईपर्यंत जायचं आणि पलीकडच्या उताराने पुन्हा रस्त्याला लागायचं. पण बाई एकटी चालते आहे म्हटल्यावर न बोलणं काही सोपं नसतं. टपरीवाला विचारतो, "एकट्याच?" म्हशी हाकणारी बाई विचारते, "बाकीची मागनं येत्यात का?" रिसॉर्टचा वॉचमन हिंदीत विचारतो, "मॅडम, ग्रुप किधर है?" सगळ्यांना मी एकच उत्तर देते, "येतायत मागून." दोन वर्षं माझा ग्रुप मागून येतो आहे.

गुलाबचाचांनी मात्र हे कधी विचारलं नाही.

त्यांचं घर वाडीतलं शेवटचं. खाली धरणाचं पाणी, त्याच्या वर भाताची खाचरं, मग दहा-बारा घरं, आणि चाचांच्या ओट्यापासून पुढे रान. त्यांच्या भावांची पौडच्या बाजारात कापडाची आणि बांगड्यांची दुकानं. हे एकटेच वाटणीला आलेल्या खाचरांपाशी येऊन राहिले आणि पुन्हा कधी दुकानाच्या गादीवर बसले नाहीत. सत्तरीचे, किडकिडीत, पांढरी दाढी बारीक कातरलेली. शुक्रवारी डोक्याला गोल टोपी, बाकी सहा दिवस टॉवेल. कमरेला कोयता. आजूबाजूच्या जमिनी एकेक करून विकल्या गेल्या आणि तिथे बंगले उठले. चाचांना कुणी विचारलं, "तुमी कधी विकताय?" की ते म्हणत, "भात झोडून झालं की बघू." भात दर वर्षी झोडून व्हायचं आणि बघायचं राहून जायचं.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या ओट्यासमोरून गेले, तेव्हा ते काही न बोलता उठले, चपला पायात सरकवल्या आणि माझ्यापुढे दहा पावलांवर चालायला लागले. मला वाटलं, त्यांनाही तिकडेच जायचं असेल. रान लागलं तसं त्यांनी तोंड उघडलं.

"ह्यो दगड हालतोय. पाय देऊ नका."

मी पाय दिला नाही.

"हितं पाणी हाय. हे प्यायचं. वरच्या डबक्यातलं न्हाई प्यायचं, तितं म्हशी बसत्यात."

मी मान हलवली.

"ही खाजकुयली. हात लावला तर दिसभर खाजवत बसाल. आन हे मूळ वर आलंय. पाय उचलून टाका."

ते मूळ मांडीएवढं जाड होतं. मी जरा चिडूनच म्हणाले, "चाचा, मला दिसतंय."

"दिसतंय तरी सांगतो," ते म्हणाले आणि पुढचा दगड दाखवला.

असे आम्ही तासभर चाललो. शेकरू दिसलं की ते सांगत, हे शेकरू. ऊन आलं की सांगत, आता ऊन लागंल. मी मनात म्हणत होते, की ऑफिसातली माणसं परवडली, ती निदान पाच वाजता घरी जातात. पुढे एके ठिकाणी वाटेला दोन फाटे फुटतात. डावा देवराईकडे चढतो. उजवा कड्याच्या पोटाने जातो, आणि तो दिसायला जास्त चांगला आहे, सपाट, रुंद, पुढे उजेड असलेला. त्याच्या तोंडाशी वनखात्याचा नवा कोरा बोर्ड होता, मराठीत आणि इंग्रजीत, 'पुढे रस्ता खचला आहे.' तरीही चाचा त्या बोर्डाच्या शेजारी दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"ह्या वाटंनं जायाचं न्हाई. फुडं कडा खचलाय. गवतानं दिसत न्हाई. काय सांगितलं?"

"या वाटेने जायचं नाही," मी म्हणाले.

"का?"

"कडा खचलाय."

"आन?"

"गवताने दिसत नाही." बावन्न वर्षांची मी, रानात उभी राहून पाठांतर म्हणून दाखवत होते. तेव्हा कुठे ते बाजूला झाले. मी बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे लिहिलंय की इथं." त्यावर ते म्हणाले, "लिवलंय. पन बोर्ड काय मागं वळून बघत न्हाई, माणूस कुटल्या वाटंला लागलं ते."

देवराईपर्यंत पोचवून ते परत फिरले. चहापाण्याला काही घ्या म्हटलं तर ऐकलंच नाही असं दाखवलं. उतरताना मी ठरवलं, की पुढच्या खेपेला दुसरी वाट धरायची. पण दुसरी वाट नव्हती, आणि पुढच्या महिन्यात चाचा ओट्यावरून उठलेच.

शनिवार-रविवारी ते अशी कितीतरी माणसं रानात नेऊन सोडत. एकदा मी गेले, तेव्हा हिंजवडीकडच्या कुठल्यातरी कंपनीतली आठ-दहा मुलंमुली त्यांच्या मागे होती. चाचांचं मराठी त्यांना सगळं कळत नव्हतं, म्हणून चाचांनी हिंदी काढलं होतं. "ये पत्थर है. ये हिलता है." एक मुलगा मोबाइल समोर धरून उलट्या पावलांनी चालत त्यांचं चित्रण करत होता. चाचांनी त्याला थांबवलं. "तू उलटा चलता है. उलटा नहीं चलना." बाकीचे हसून बेजार झाले. कुणीतरी त्यांना 'चाचा कॉमेंट्री' असं नाव ठेवलं. फाट्यापाशी आल्यावर चाचांनी एकेकाला समोर उभं करून पाठ म्हणायला लावला. मुलं खिदळत म्हणत होती, एकाने म्हणून वर सलामही ठोकला. चाचा हसले नाहीत. त्यांनी त्याला पुन्हा म्हणायला लावलं, तो नीट म्हणेपर्यंत. दोन बोटांनी डोकी मोजली, डाव्या वाटेला किती लागली ते बघितलं, मग पुन्हा मोजली. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. तो भ्यालेल्या माणसाचा चेहरा होता.

त्या दिवशी पलीकडे न उतरता मी आल्या वाटेने परतले आणि त्यांच्याच ओट्यावर टेकले. बानूबीचाचींनी चहा आणला. चाचा म्हणाले, "च्या गरम हाय." चाची भडकल्या.

"च्या गरम न्हाई तर काय गार आसतोय? ताई, ह्या माणसानं निकाहाच्या दिवशी तीनदा कबूल हाय म्हटलं, त्याच्यावर चाळीस वरसं तोंड उघडलं न्हाई. भूक लागली तर खाकरायचं. भाजीत मीठ जादा झालं तर दोनदा खाकरायचं. मी त्या खाकरण्यावर संसार केला. आता म्हातारपणी तोंड फुटलंय, तर थांबंना."

मी हसले. चाची हसल्या नाहीत. चाचा कप खाली ठेवून गोठ्याकडे गेले, तशी त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्या पोराच्या टायमापासनं असं झालंय."

कोणतं पोर, ते मला त्याच्या पुढच्या खेपेला खुद्द चाचांकडून कळलं. पण त्याआधी डहाळीचं सांगायला हवं, नाहीतर काहीच समजणार नाही.

या भागात रानातली वाट बंद करायची एक रीत आहे. ओली डहाळी तोडायची, वाटेवर आडवी टाकायची आणि तिच्या बुडख्यावर दगड ठेवायचा. वाऱ्याने पडलेल्या डहाळीवर दगड नसतो, म्हणजे ही माणसाने टाकली आहे, म्हणजे इकडून जायचं नाही. का जायचं नाही ते डहाळी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. पुढे मधमाश्या उठल्या असतील, डुक्कर असेल, झाड पडायला आलं असेल. चाचांचं आणि शेजारच्या ज्ञानबांचं एकदा बांधावरून वाजलं आणि वर्षभर बोलणं बंद होतं. एकमेकांच्या सोयरिकीलाही गेले नाहीत. त्या वर्षी एका सकाळी चाचा सरपणाला निघाले तर वाटेवर डहाळी. बाजूच्या खडकाला आग्या मोहोळ उठलं होतं. "डहाळी ज्ञानबाचीच," चाचा म्हणाले. "त्येच्या कोयत्याला खांडा हाय. तोडल्यालं कळतं." ते तिथूनच मागे फिरले. ज्ञानबांशी त्यानंतरही चार महिने बोलले नाहीत, पण ते असो. तोंडाने सांगण्यापेक्षा डहाळीचं सांगणं मोठं, असं मानणारी ही माणसं.

त्या मुलाचं नाव निखिल. चोवीस वर्षांचा, माझ्यासारखाच एकटा, पाठीला पिशवी. ऑक्टोबरचा महिना होता, भातकापणी चाललेली. सकाळी चाचांच्या ओट्यावर थांबला, पाणी मागितलं. तांब्याभर प्यायला, आणि चाची आत होत्या तर स्वतःच हंड्याकडे जाऊन तांब्या परत भरून ठेवला. चाची हे सांगताना दर वेळी थांबतात. मग त्याने चाचांना विचारलं, "चाचा, सरळ गेलो की देवराई ना?" चाचा भाताच्या पेंढ्या बांधत होते. हातात बंध होता. त्यांनी हनुवटीने रानाकडे दाखवलं आणि म्हणाले, "हां."

त्या पावसाळ्यात उजव्या वाटेचा कडा खचला होता. चाचांनीच आदल्या दिवशी ऐनाच्या झाडाची चांगली मनगटाएवढी जाड डहाळी तोडून त्या वाटेवर आडवी टाकली होती आणि वर दगड ठेवला होता. म्हणजे सांगून झालं होतं. दार लावलेलं असताना आत जाऊ नको, असं कुणी कुणाला सांगत नाही, तसंच हे. पुण्याच्या पोराला डहाळी वाचता येणार नाही, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कड्याखाली सापडला. वर आणला, पोलीस आले, सगळी वाडी जमली. माणसं खाली बघत होती, तेव्हा चाचा एकटेच फाट्यापाशी उभे होते. डहाळी वाटेवर नव्हती. ती बाजूला, एका झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवलेली होती. दगड तिच्याशेजारी.

हे मला चाचांनी त्याच फाट्यावर उभं राहून सांगितलं. "तुडवली नव्हती, ताई. लाथेनं उडवली नव्हती. दोन हातांनी उचलून कडंला ठेवली हुती. पानं आतल्या अंगाला, म्हंजी कुणाच्या पायात यायला नको. त्येला वाटलं, वाऱ्यानं पडलीया. मागनं येणाऱ्याला लागंल म्हणून काढली त्यानं. आन मग गेला."

मी बाजूच्या बुंध्याकडे पाहिलं.

"एवढंच असतं तर मी सोसलं असतं," ते म्हणाले. "फुडं आयका."

निखिलचे वडील दुपारी आले. उंच, इस्त्रीचा शर्ट घातलेले गृहस्थ. रडले नाहीत. चादरीखालचा मुलगा बघितला आणि जमलेल्या लोकांना विचारलं, "त्याला कुणी सांगितलं नव्हतं का, पुढे रस्ता नाही म्हणून?" चाचांचा मुलगा सलीम उरवड्याच्या कारखान्यातली पाळी टाकून तसाच आला होता. आपल्या घरी पाणी पिऊन पोरगा गेला, पोलीस उभे आहेत, उद्या सगळं आपल्या बापावर येईल, या भीतीने त्याच्या तोंडून निघालं, "सांगितलं हुतं की. अब्बांनी सांगितलं हुतं, तिकडनं जाऊ नको. ऐकलं न्हाई त्यानं." वडिलांनी चाचांकडे पाहिलं. चाचांनी होय म्हणून मान हलवली.

तेव्हा ते गृहस्थ चादरीकडे बघून म्हणाले, "लहानपणापासून असाच. कधी ऐकायचं म्हणून नाही." आणि पुढे काहीही न विचारता गाडीत जाऊन बसले.

"मी मान हलवली," चाचा म्हणाले. "ताई, पोरगं गुणाचं हुतं. तांब्या भरून ठेवणारं. माझ्या मानंनं ते बापाच्या मनात हट्टी ठरलं. बाप त्येच्यावर रागावून बसला असंल. मेलेल्या पोरावर. मला त्येला सांगायचंय. मला घेऊन चला."

त्यांनी स्वतः प्रयत्न केला होता. वडील महाळुंग्याला राहतात एवढंच त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या डोक्यात महाळुंगे म्हणजे चाळीस-पन्नास घरांचं गाव, विचारलं की कुणीही दाखवील. एका शुक्रवारी नमाज झाल्यावर ते एसटीने, रिक्षाने तिथे पोचले आणि वीस-वीस मजल्यांच्या इमारतींच्या रांगेसमोर उभे राहिले. एका गेटवर त्यांनी विचारलं, "ज्यांचं पोरगं मुळशीच्या रानात गेलं, ते कुटं राहत्यात?" वॉचमन बिहारकडचा, त्याला काही कळलं नाही. दुसऱ्या गेटवर नोंदवहीत नाव लिहायला सांगितलं, चाचांना लिहिता येत नव्हतं. अशी सहा गेटं केली. संध्याकाळी टोपी घडी करून खिशात घातली आणि परत आले. सलीमला कळलं, तेव्हा तो ओरडला, की जुनं उकरून केस अंगावर घ्यायची आहे का. त्यानंतर चाचांनी घरात विषय काढला नाही. माझ्याजवळ काढला, कारण मी कागदाची बाई.

आणि मी त्यांना काय सांगितलं? मी म्हणाले, "चाचा, नको. त्यांची जखम आता कुठे भरत असेल. ती कशाला उघडायची?"

मृतांच्या नातेवाइकांशी कसं बोलावं याचं आम्हाला ऑफिसात शिक्षण दिलेलं आहे. ते मी चाचांवर वापरलं. ते म्हणाले, "बरं." माझ्या शहाणपणावर त्यांनी विश्वास ठेवला, याची मला आजही लाज वाटते. त्यानंतर दीड वर्ष त्यांनी पुन्हा ते काढलं नाही. फक्त रानात बोलत राहिले. ह्यो दगड, हे पाणी, हे मूळ. मला आता त्याचा राग येत नव्हता. कधी कधी ते मला दाखवायच्या आधी मीच म्हणायची, "हालतोय ना?" ते समाधानाने म्हणायचे, "हालतोय."

मागच्या पावसाळ्यानंतर गेले तर चाचा ओट्यावरून उठले नाहीत. उठायचा प्रयत्न केला आणि भिंतीला धरून परत बसले. छातीत पाणी झालं होतं. पौडच्या डॉक्टरांनी पुण्याला न्यायला सांगितलं होतं, पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला. त्या दिवशी मी एकटीच वर गेले नाही, तिथेच बसले. शेजारून एक जोडपं पाठीला पिशव्या लावून रानाकडे निघालं, तेव्हा चाचा ओट्यावरून त्यांना ओरडून सांगायला लागले, पण धाप लागून वाक्य पुरं होईना. ती माणसं हात हलवून निघून गेली. चाचा डोळे मिटून बसले. मी त्या जोडप्याच्या मागे धावले, फाट्यापर्यंत त्यांच्याबरोबर गेले आणि त्यांच्याकडून पाठ म्हणून घेतला. परत येऊन चाचांना सांगितलं, "डाव्या वाटेला लागली. दोघंही."

"बघितलं तुमी?"

"बघितलं."

त्याच संध्याकाळी घरी येऊन मी संगणक उघडला. निखिलच्या मित्रांनी त्याच्या आठवणी लिहून ठेवलेल्या होत्या, त्यात त्याच्या कॉलेजचं नाव होतं, एका मित्राचा पत्ता लागला, त्याने आईचा नंबर दिला. अर्ध्या तासाचं काम. दीड वर्ष मी ते केलं नव्हतं.

फोनवर आईला मी एवढंच म्हणाले, की निखिल ज्यांच्या घरी पाणी प्यायला थांबला होता, त्या चाचांना तुम्हाला भेटायचं आहे. त्या म्हणाल्या, "रविवारी या. हे घरी असतात."

दिवाळी होऊन गेली होती. सलीमने चाचांना मोटारसायकलवर आपल्या पाठीशी टॉवेलने बांधून चांदणी चौकापर्यंत आणलं. मी म्हटलं, तूही चल. तो खाली बघत म्हणाला, "मी तितं न्हाई यायचा, ताई. माझ्याच तोंडातनं गेलं ते." चाचांच्या गळ्याशी सुटलेलं बटण त्याने लावलं आणि गाडी वळवली.

अकराव्या मजल्यावरचं घर. हॉल नीटनेटका, भिंतीवर निसर्गाची दोन चित्रं. मुलाचा फोटो कुठेही नव्हता. वडील समोर बसले. चाचा सोफ्याच्या अगदी कडेला टेकले, हात गुडघ्यांवर. आईने पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"मी त्येला सांगितलं न्हवतं," चाचा म्हणाले.

वडिलांना कळलं नाही. चाचांनी पुन्हा सांगितलं, थांबत थांबत, श्वास पुरवत. डहाळीचं सांगितलं. दगडाचं सांगितलं. "आमच्यात डहाळी टाकली म्हंजी सांगितलं. त्येला ती ठावी न्हवती. त्यानं मला इचारलं, सरळ का? मी हां म्हटलं. तोंडानं दोन शब्द बोललो असतो, तर पोरगं जेवायला घरी आलं असतं."

"तुम्ही मान हलवली होती," वडील म्हणाले.

"व्हय. हलवली. खोटी हलवली."

चाचांनी डहाळी कुठे ठेवलेली सापडली ते सांगितलं. दोन हातांनी, पानं आत करून, मागच्याला लागू नये म्हणून. हे ऐकताना आई उठून आत गेली. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. ती मुलाचा फोटो घेऊन बाहेर आली आणि टीव्हीशेजारी उभा करून ठेवला. चौकटीवर धूळ नव्हती, म्हणजे ती रोज पुसत असणार. वडिलांनी फोटोकडे बघितलं आणि, कुणाला असं नाही, म्हणाले, "दोन वर्षं झाली. मी त्याचं वर्षश्राद्धसुद्धा केलं नाही. म्हटलं, कुणाचं ऐकायचं नाही, तर राहा तसाच."

मग ते चाचांकडे वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "तुम्ही आता जा," ते म्हणाले. "कृपा करून जा."

लिफ्टमध्ये चाचांनी माझा दंड धरला होता. खाली पोचल्यावर ते म्हणाले, "रागावलं न्हवं ते?"

"हो."

"कुणावर?"

"तुमच्यावर, चाचा."

त्यांनी मान हलवली. "मग बरोबर झालं," ते म्हणाले. त्यांना चालवेना, म्हणून मी त्यांना इमारतीसमोरच्या बाकावर बसवलं आणि रिक्षा बघायला गेटकडे निघाले.

मागे वळून पाहिलं, तर निखिलचे वडील घरातल्याच सपाता घालून खाली आले होते. मी घाईने परत फिरले, मला वाटलं ते चाचांना काही बोलतील. ते बाकासमोर उभे राहिले. राग तसाच होता.

"तुमच्याकडे किती वेळ होता तो?" त्यांनी विचारलं.

"धा मिनिटं आसंल."

"काय बोलला?"

"पाणी मागितलं. म्हणाला, चाचा, पाणी लई गोड हाय."

"असं म्हणाला?"

"त्येच्या भाषेत म्हणाला. तुमच्यासारख्या."

वडील बाकावर बसले. दोघांच्या मध्ये एका माणसाची जागा होती. त्यांनी विचारलं, शर्ट कुठला होता. निळा. भूक लागल्यासारखा दिसत होता का. न्हाई, बिस्किटाचा पुडा हुता हातात, कुत्र्याला दोन टाकली. हसत होता का. मी तिथे उभी आहे हे दोघांच्याही गावी नव्हतं. जरा वेळाने वडील माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तुम्ही गेलात तरी चालेल. यांना मी गाडीने घरी सोडतो."

मी चाचांकडे बघितलं. त्यांनी हाताने जा म्हटलं. डिसेंबरात मला रानात जाणं जमलं नाही, त्यामुळे गुलाबचाचांना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं. गेटपाशी रिक्षात बसेपर्यंत मला ते दिसत होते. हाताने डहाळीची लांबी दाखवत होते, आणि ते गृहस्थ वाकून त्या हातांकडे बघत होते. चाचांनी हात खाली ठेवले, तसा निखिलच्या वडिलांचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"पुन्हा सांगा," ते म्हणत होते. "तो ओट्यावर आला, तिथपासून."